एक डबा भात, साहेब

कैद्यांना भिणारी माणसं जगात पुष्कळ असतात. पण कैदी, त्यांच्यावर पहारा करणारे शिपाई, शिपायांवर नजर ठेवणारे जेलर आणि या सगळ्यांच्या वर बसलेले न्यायाधीश, असे सगळे मिळून जिला टरकतात अशी बाई मी जन्मात एकच पाहिली. उंची जेमतेम पाच फूट, वय सत्तरीला टेकलेलं, अंगावर पांढरं पातळ आणि त्यावर मे महिन्याच्या उकाड्यातही काळा कोट, एका हातात लांब दांड्याची छत्री, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. शहापूरच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती चढत नाही, नुसता तिच्यासमोर बसून पोट भरतो, त्यामुळे माझ्या शहाणपणाबद्दल मतभेद होऊ शकतात. या वकीलबाईंच्या शहाणपणाबद्दल मात्र उभ्या तालुक्यात एकमत आहे. चांगली चाललेली वकिली सोडून ही बाई तुरुंगातल्या माणसांची भांडणं फुकट भांडते, म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजते, असं लोक म्हणतात. हे बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भाकऱ्या कसल्या? तुरुंगात चपात्या देतात. आणि त्यासुद्धा कच्च्या."

बाईंच्या वकिलीचा प्रकार आधी सांगितला पाहिजे, कारण तो समजायला मलाही दोन वर्षं लागली. माणसाने चोरी केली की नाही, कुणाचं डोकं फोडलं की नाही, याच्याशी बाईंना फारसं देणंघेणं नसतं. त्यांचं भांडण त्याच्या पुढचं. माणूस आत गेला, ठीक. पण आत गेल्यावर त्याचं औषध बंद का झालं, आईचं पत्र पंधरा दिवस ऑफिसातच का पडून राहिलं, तारखेला त्याला कोर्टात का आणलं नाही, हे त्यांचे खटले. "शिक्षा कोंडण्याची आहे," त्या म्हणतात, "खरूज होण्याची नाही." म्हणून तुरुंगात नवीन माणसाला भेटायला गेल्या की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आज काय जेवलास?" गुन्हा त्या कधीच विचारत नाहीत. एकदा एका गड्याने समोर बसता बसताच, 'बाई, मीच केलं, मीच,' म्हणून गळा काढला, तर बाईंनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि तशाच ओरडल्या, "ते सरकारला सांग, त्यांना त्याचा पगार मिळतो! तू मला डाळीचं सांग!" या डाळींची त्यांच्याकडे एक वही आहे. 'डाळ दाखवण्यापुरती', 'मीठ आहे, डाळ नाही', 'मंगळवारची डाळ बुधवारी' अशा त्यातल्या नोंदी मी स्वतः टाइप केल्या आहेत. ती वही कोर्टात वाचली गेली तेव्हा सरकारी वकील इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पुढच्या महिन्यापासून डाळ घट्ट झाली. हल्ली पुष्कळदा कैद्यांना कोर्टात न आणता पडद्यावरच दाखवतात. बाईंना हे बिलकूल पसंत नाही, पण पडदा उजळला की त्या आपला प्रश्न विचारतातच. एकदा त्यांनी पडद्याकडे बघून असंच विचारलं आणि नव्याने बदलून आलेल्या तरुण न्यायाधीशांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "अजून काहीच नाही." बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग साहेब, आधी जेवून घ्या. माझा माणूस कुठे पळून जाणार आहे?"

बाई अर्जाचा कच्चा मसुदा लिहितात तो लग्नपत्रिकांवर. एवढा जाड, गुळगुळीत कागद, त्यावर चार ओळी छापायच्या आणि लग्न लागलं की फेकून द्यायचा, हे त्यांना बघवत नाही. शहापुरात लगीनसराई संपली की घरोघरच्या पत्रिका त्यांच्याकडे जमा होतात. मजकुराच्या वर, खाली, कडेने, गणपतीच्या चित्राला वळसा घालून त्या 'अर्जदाराचे म्हणणे असे की' लिहीत जातात, आणि ते वाचता वाचता माझ्या नाकी नऊ येतात. एकदा दुकानात गर्दी होती, बाई घाई करत होत्या, आणि मी एका अर्जाची शेवटची ओळ अशी टाइप केली: 'तरी मे. कोर्टाने वरील अर्ज मंजूर करावा व सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे.' न्यायाधीशांनी ते मोठ्याने वाचलं. सगळं कोर्ट हसलं. मी दारातून हे ऐकलं आणि आता दुकान बंद करून गावी जावं की काय, असा विचार करू लागलो. बाई मात्र शांतपणे उठल्या आणि म्हणाल्या, "चूक टायपिस्टची आहे, साहेब, पण आमंत्रण माझं समजा. एकदा तुरुंगात येऊन बघाच." आणि न्यायाधीश खरोखरच पाहणीला गेले. बाईंनी मला पेढा दिला आणि म्हणाल्या, "अधूनमधून चुकत जा." मी इतकी वर्षं मान मोडून टायपिंग करतोय, पण कौतुक झालं ते तेवढंच.

त्यांच्या कापडी पिशवीत काय असतं, हा नव्या माणसाला पडणारा प्रश्न. त्या पिशवीत चष्मे असतात. जुने, टाकलेले, एका काडीचे, दोऱ्याने बांधलेले. तुरुंगात चाळिशी ओलांडलेली कितीतरी माणसं चष्म्यावाचून बसलेली असतात, असं बाईंच्या लक्षात आलं तेव्हापासून त्यांनी गावातल्या नाकांवर नजर ठेवायला सुरुवात केली. कुणी नवा चष्मा घातलेला दिसला की, "जुना कुठाय?" आमचे एक निवृत्त हेडमास्तर बाई समोरून येताना दिसल्या की चष्मा काढून खिशात घालत आणि मग गटाराच्या कडेने चाचपडत जात. तुरुंगवाल्यांनी आधी हरकत घेतली की काच धोक्याची असते, तिने माणूस इजा करून घेईल. बाईंनी कोर्टात सांगितलं, "साहेब, या अर्जदाराने न वाचता सात कागदांवर सह्या केल्या आहेत. आंधळेपणाने जेवढी इजा झालीय तेवढी काचेने होणार नाही." अर्ज मंजूर झाला. आता महिन्यातून एकदा बाई चष्म्यांची पिशवी घेऊन आत जातात, आणि कैदी एकेक चष्मा लावून त्यांच्याच डाळीची वही वाचून बघतात.

त्यांच्या छत्रीचीही एक ख्याती आहे. एकदा एस.टी. स्टँडवर दोन शिपाई एका पोराला बेड्या घालून बसले होते आणि येणारीजाणारी माणसं त्याच्याकडे टक लावून बघत होती. कोर्टाच्या परवानगीशिवाय असल्या बेड्या घालता येत नाहीत, हे बाईंनी शिपायांना सांगितलं. शिपाई म्हणाले, पळून गेला तर? बाईंनी छत्री उघडली, त्या पोराच्या आणि लोकांच्या मध्ये आडवी धरली, आणि तशाच उभ्या राहून नियम म्हणायला सुरुवात केली. पहिल्यांदा मराठीत, मग इंग्रजीत, मग पुन्हा मराठीत. पाऊण तास. शेवटी थोरल्या शिपायाने हात जोडले, "बाई, किल्ली काढतो, पण ते इंग्रजी थांबवा." तेव्हापासून छत्री लांबून दिसली तरी बेड्या आपोआप निघतात. पोरगा पळाला नाही. पळणार कसा? बाईंनी त्याच्या दोन्ही मोकळ्या हातांत एकेक वडापाव दिला होता.

बाईंना स्वतःचं असं कुणी नव्हतं. पुण्याला एक भाचा, आणि इथे भाड्याच्या दोन खोल्या, त्यांतली एक कागदांनी भरलेली. लग्नाचं कुणी विचारलं तर, "पत्रिका एवढ्या येतात की माझं झालं की नाही तेच आठवत नाही," असं म्हणून त्या विषय मिटवत. त्यामुळे लांब कुठे जायचं झालं की वाहन माझं. मी नाही म्हणत नाही असं नाही. रोज म्हणतो. पण मी नाही म्हणेपर्यंत त्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसलेल्या असतात.

चार वर्षांपूर्वी असेच आम्ही मुरबाडवरून माळशेजच्या रस्त्याने वैशाखऱ्याला निघालो होतो. तिकडचा जयराम नावाचा एक शेतकरी बांधावरच्या मारामारीत आत गेला होता आणि अडीच वर्षं नुसता तारखांची वाट बघत होता. तारीख आली की कधी त्याला आणायला गाडी नसे, गाडी असली तर सोबत यायला पोलीस नसत. बाई त्याच्या जामिनासाठी भांडतच होत्या. पण आदल्या आठवड्यात त्यांनी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा जयराम म्हणाला होता, "भात खाल्ला, बाई. परका." मग जरा वेळाने म्हणाला, "माझी आये तर तोपन खात नाय." एवढ्यावर आमची स्वारी निघाली होती. टोकावड्याच्या अलीकडे माझी स्कूटर पंक्चर झाली. टपरीतला पंक्चरवाला बाईंना बघताच धावत आला, पाया पडला, चहा मागवला. बाईंचे माजी अशील या पट्ट्यात कुठेही भेटतात, ढाब्यावर, बँडपथकात, भाताच्या गिरणीवर. तो चाक काढत असताना मी हळूच विचारलं, "हा कशाबद्दल आत होता?" बाई म्हणाल्या, "मी कधी विचारलं नाही." पंक्चरवाल्याला ते ऐकू गेलं. तो प्रेमाने म्हणाला, "गाड्या चोरायचो, भाऊ. तुमची कंपनी लय सोपी." मी उरलेला वेळ चहाचा कप घेऊन स्कूटरच्या हँडलला धरून उभा राहिलो.

जयरामची आई पडवीत बसली होती. काडीसारखे हात, पण नजर खणखणीत. मागे भाताने गळ्यापर्यंत भरलेल्या दोन कणग्या, आणि म्हातारीच्या ताटलीत नाचणीची अर्धी भाकर. बाईंनी विचारलं, "घरात एवढं असताना भात का खात नाही?" म्हातारी म्हणाली, "घरचं एक जरी मानूस भायेर असलं ना, तर नवं खायाचं नाय. माझ्या सासूनं सांगितलंय." नवं म्हणजे कापणी-झोडणी झाल्यावर घरात शिजणारा नव्या तांदळाचा पहिला भात. त्यांच्या घरी तो आधी देवाला, मग घरातल्या प्रत्येकाच्या तळहातावर एकेक घास, आणि सगळ्यांना मिळाल्यावर मगच जेवण. तीन कापण्या झाल्या होत्या, तिन्ही वेळा जयरामचा तळहात तिथे नव्हता. पोरांना तिने सूट दिली होती, पण स्वतः आपल्या शेतातला एक दाणा तोंडात घातला नव्हता. "डॉक्टर वरडतोय," सून डोळे पुसत म्हणाली, "नाचणी पचत नाय आता तिला. ऐकतच नाय." म्हातारी खरंच वाळत चालली होती. पुढच्या कापणीपर्यंत ती टिकेल की नाही, हे सांगायला डॉक्टरची गरज नव्हती.

दुसरं कुणी असतं तर म्हातारीला चार उपदेशाचे शब्द सांगून परत आलं असतं. बाईंनी तिची उलटतपासणी सुरू केली. "घरातला माणूस मुंबईला नोकरीला असला तर?"

"सुटी काढून येतंय."

"आणि सुटी नाही मिळाली तर?"

"मंग डबा जातो. तिकडं त्यानं घास खाल्ला का इकडं आमी खायाचं."

बाईंनी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली. "मग त्याला डबा का नाही पाठवला?"

"पाठवला ना गो! दोन साल पाठवला. दारावरनंच परत केला. भायेरचं शिजवलेलं चालत नाय म्हनं."

बाई उठल्या, पिशवीतून एक लग्नपत्रिका काढली आणि पडवीतच अर्ज लिहायला बसल्या. परतताना अख्ख्या रस्त्यात त्या माझ्या पाठीमागे गुणगुणत होत्या. त्यांना एवढं खूश मी कधी बघितलं नव्हतं.

कोर्टात न्यायाधीशांनी चष्मा वर करून विचारलं, "बाई, नेमकी मागणी काय?" बाई म्हणाल्या, "एक डबा भात, साहेब." सरकारी वकिलांनी कडाडून विरोध केला. सुरक्षिततेचा प्रश्न आहे, आणि आज याला दिलं तर उद्या प्रत्येक कैदी आईच्या हातचा डबा मागेल, असं ते म्हणाले. बाई लगेच उठल्या, "प्रत्येक कैद्याला आई असते, हे सरकारने मान्य केलं एवढं लिहून घ्या, साहेब." मग त्या अर्धा तास बोलल्या. रिवाज, श्रद्धा, माणूस कोंडला तरी त्याचे कोणकोणते हक्क त्याच्यापाशीच राहतात, सगळं आलं. शेवटी आवाज उतरवून म्हणाल्या, "कोंडलाय जयराम. उपाशी आहे त्याची आई. तिला कुठल्या कलमाखाली शिक्षा झालीय, तेवढं मला सांगा." मग आदेश झाला: एक डबा, तपासून, सोमवारी सकाळी अकरा वाजता.

सोमवारी तुरुंगाच्या दारात पोचलो तर समोर टेम्पो उभा. वैशाखऱ्याची सगळी भावकी आली होती. जयरामने घास खाल्ला की तिथल्या तिथे जेवायचं, म्हणून जो तो आपापला डबा घेऊन आला होता. दारावरच्या शिपायाला वाटलं मोर्चा आला. बाईंनी सगळ्यांना समोरच्या चिंचेखाली बसवलं आणि म्हातारीच्या हातातला डबा आत पाठवला. शिपायाने चमच्याने भात खालवर करून बघितला, तेव्हा म्हातारी म्हणाली, "चिवडू नको रे, मोडंल." आम्ही थांबलो. अर्ध्या तासाने शिपाई परत आला. हातात डबा, भात तसाच. "खात नाही म्हणतो," एवढंच सांगून त्याने डबा म्हातारीच्या मांडीवर ठेवला. म्हातारीने डब्याचं झाकण लावलं आणि मान खाली घातली. मला तर तिच्याकडे बघवेना.

बाई डबा उचलून तडक आत गेल्या. आत काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि त्या दिवशी आत ड्यूटीवर असलेल्या शिपायानेही सांगितलं. दोघांचं जुळलं, म्हणून मी विश्वास ठेवतो. जयराम बाईंना म्हणाला, "बाई, नवं एकट्यानं नाय खाता येत. छपराखाली असतील तेवढ्यांना घास जातो. मी ज्या छपराखाली निजतो तिथं सत्तर जणं हायेत. त्यांना सोडून खाल्लं तर आयेचं नवं बाटंल." बाईंनी कपाळाला हात लावला. अर्जात त्यांनी रिवाजाच्या बारा ओळी लिहिल्या होत्या, पण जयरामचं घर वैशाखऱ्याला आहे असं धरून. तो झोपतो कुठे, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. "चाळीस वर्षं वकिली केली," त्या मला म्हणाल्या, "आणि अशिलाचा पत्ताच चुकवला." जेलरसाहेब कडक गृहस्थ. ते म्हणाले, आदेश एका डब्याचा आहे, दुसरा आत येणार नाही. बाई म्हणाल्या, "दुसरा मागतंय कोण? आदेशात डबे किती ते लिहिलंय. घास किती ते लिहिलेलं नाही."

मग जयराम डबा घेऊन बराकीत गेला. सत्तर माणसं रांगेने बसली. जयरामने प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर भात ठेवला, काहींच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा शितं आली. कुणी लगेच खाल्ली नाहीत. सगळ्यांना मिळेपर्यंत सगळे हात तसेच पुढे धरून बसले. रांग संपली तेव्हा जयराम दारात उभ्या जेलरसाहेबांसमोर आला. "साहेब, तुमीबी दिवसभर हितंच असता." जेलरसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं, टोपी काढून काखेत धरली आणि हात पुढे केला. डब्याच्या कडेला जे चिकटून राहिलं होतं ते जयरामने शेवटी बोटाने पुसून खाल्लं. शिपाई म्हणतो, त्या दिवशी बराकीत भांडण झालं नाही. बाई म्हणतात, हे अतिशयोक्त आहे, संध्याकाळी झालं.

रिकामा डबा बाहेर आला. म्हातारीने तो उन्हात धरून आतून नीट बघितला, आणि म्हणाली, "खाल्लं पोरानं." मग सुनेने गाठोडं सोडलं, म्हातारीने एकेकाच्या हातावर घास ठेवला आणि तीन वर्षांनी स्वतःच्या शेतातला भात तोंडात घातला. चावता चावता ती हसत होती. चिंचेखाली चाळीस डबे उघडले, वालाचं बिरडं निघालं, दारावरच्या शिपायालाही वाढलं, आणि तुरुंगासमोर असं जेवण झालं की येणारेजाणारे कुणाचं लग्न म्हणून विचारू लागले. म्हातारीने बाईंपुढे घास धरला तेव्हा बाई मागे सरल्या. "आधी घरच्यांना द्या, मी कुठे घरची?" म्हातारी म्हणाली, "डबा तू पोचवलास. मंग घरची नाय तर कुनाची गो?" बाईंनी हात पुढे केला.

पुढच्या उन्हाळ्यात जयराम जामिनावर सुटला, यथावकाश निर्दोषही ठरला. तेव्हापासून दरवर्षी दिवाळीनंतर एस.टी.च्या कंडक्टरबरोबर एक फडक्यात बांधलेला डबा बाईंकडे यायचा. बाई दोन घास मला द्यायच्या आणि बजावायच्या, "हे अशिलाकडून घेणं नियमात बसत नाही, कुणाला सांगू नकोस." मग फोन करून जयरामला सांगायच्या, "खाल्ला रे." त्या फोनचं महत्त्व मला कधी कळलं नाही. मला वाटायचं, पोच देतात.

गेल्या वर्षी दसऱ्याला बाई न्हाणीघरात घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. भाचा त्यांना पुण्याला घेऊन गेला. मी एकदा भेटायला गेलो तेव्हा त्या खाटेवर लहानशा दिसत होत्या. शेजारच्या पेशंटला "आज काय जेवलात?" विचारून त्यांनी इस्पितळाच्या खिचडीविरुद्ध अर्ज केला होता, म्हणून भाच्याने त्यांचा फोन काढून घेतला होता. दिवाळीनंतर जयराम स्वतः डबा घेऊन दुकानात आला. मी म्हटलं, "बाई पुण्याला आहेत. येतील आठ-पंधरा दिवसांत." "पत्ता?" म्हणाला. भाच्याचा पत्ता माझ्याकडे घरी कुठेतरी लिहिलेला होता, पण दुकानात गर्दी होती. मी म्हटलं, "कशाला? येतीलच आठ-पंधरा दिवसांत." तो डबा घेऊन परत गेला. नंतर त्याचे तीन वेळा फोन आले. तिन्ही वेळा मी तेच सांगितलं आणि झेरॉक्स काढत राहिलो.

बाई आल्या माघात. छत्री आता काठी म्हणून टेकत होत्या. माझ्या दुकानात बसून चहा पीत तुरुंगात कुणाकुणाचे चष्मे फुटले ते विचारत होत्या, एवढ्यात जयराम जीप घेऊन दारात. त्याला मीच सकाळी कळवलं होतं. "बाई, चला घरी. आये थांबलीय."

"कशाला?"

"नव्याला."

"अरे, कापणी होऊन तीन महिने झाले! अजून नवं खाल्लं नाही?"

जयराम साधेपणाने म्हणाला, "घरचं एक मानूस भायेर होतं ना."

माझ्या हातातला कागद मशीनमध्येच राहिला. तीन महिने ती म्हातारी पुन्हा नाचणीवर होती, आणि मी तिला आठ-पंधरा दिवस, आठ-पंधरा दिवस करत ठेवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. बाई मात्र भयंकर संतापल्या. "हा काय चावटपणा! म्हातारीला उपाशी ठेवता? माझ्यामुळे? मला विचारलं होतं का? थांब, तुमच्या सगळ्यांवर अर्जच करते!" त्यांनी तरातरा पिशवी उघडली, लग्नपत्रिका काढली, पेन काढलं, आणि चष्मा शोधू लागल्या. एक लावला, काढला. दुसरा लावला, काढला. पिशवीत चाळीस चष्मे होते आणि त्यांना एकातूनही दिसेना. मग त्यांनी पत्रिका परत पिशवीत ठेवली. मला म्हणाल्या, "दुकान बंद कर. आपल्याला जायचंय."

वैशाखऱ्याला जीप थांबली तेव्हा म्हातारी पडवीच्या खांबाला धरून उभी होती. बाई छत्री टेकत टेकत अंगण चढल्या. म्हातारी म्हणाली, "आलीस गो? किती उशीर." कोर्टात तासन् तास बोलणाऱ्या बाईंच्या तोंडी सवयीने होतं तेच आलं, "आज काय जेवलीस?"

"अजून नाय," म्हातारी म्हणाली. "तू आलीस, आता जेवू." आणि तिने बाईंचा हात धरून त्यांना आत नेलं. मी उंबऱ्याबाहेरच घुटमळत होतो, तर आतून तिने मलाही हाक मारली. मग आम्ही सगळे चुलीसमोर हात पुढे करून बसलो.